काटासाहेबांवर आलेला आळ

बाजारात त्यांना काटासाहेब म्हणत. काटा म्हणजे तराजूचा, असं दुकानदार तोंडावर सांगत. पाठ फिरली की तोच काटा पायात रुतणारा होई. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांनी सारी नोकरी केली. पितळी वजनांची पिशवी खांद्याला लावून ते गल्लीत शिरले की अख्खी गल्ली एकदम सज्जन व्हायची. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळाशी मेण ओतलेलं माप, एका बाजूला लाडाने झुकणारा तराजू, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कुणी चहा पुढे केला तर ते पाणीसुद्धा न पिता निघत. एकदा तर त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्याच दुकानाला सील ठोकलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्या बायकोला माहेरी एकटीनेच जावं लागलं.

निवृत्तीनंतर ही करडी नजर घराकडे वळली. साबणाची वडी, चहाची पुडी, औषधाची बाटली, जे घरात येईल ते आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायचं. "आता माझं तेवढं वजन करायचं राहिलंय," असं बायको एकदा म्हणाली. यावर काटासाहेबांनी साबणाची वडी काट्यावरून उतरवली. काही प्रकरणं हातात न घेण्यातच शहाणपण असतं, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

या नजरेतून घरातला संगणकही वाचला नाही. तो लेकीच्या कॉलेजच्या दिवसांतला, बैठकीच्या कोपऱ्यात खिडकीखाली बसलेला, चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. लेकीचं लग्न झाल्यावर तिचा नवरा पहिल्यांदा राहायला आला, तेव्हा काटासाहेबांनी त्याला सहज विचारलं की या संगणकातली प्रणाली कुठून विकत घेतली असेल, पावती कशी दिसते. जावई संगणकाच्याच धंद्यातला, पण घरात नवा. तो हसून म्हणाला, "बाबा, पावती कसली? तेव्हा सगळे कॉपीच टाकायचे."

काटासाहेब उठले, त्यांनी संगणक बंद केला आणि त्यावर चादर घातली. चोरीचा माल उघड्यावर ठेवायची त्यांना सवय नव्हती.

जावयाला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला तो लिनक्स नावाची दुसरी प्रणाली घेऊन आला. हे फुकट आहे आणि कायदेशीरही आहे, असं त्याने सांगितलं. काटासाहेबांच्या अनुभवात फुकट आणि कायदेशीर या दोन गोष्टी एका घरात कधी नांदल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी परवाना मागितला. जावयाने तो छापून दिला. नाकावर चष्मा आणि मांडीवर शब्दकोश घेऊन ते रोज सकाळी तो वाचत बसले. कुणीही घ्या, उघडून बघा, सुधारा, दुसऱ्याला द्या, लपवू मात्र नका, असा एकंदर मामला होता. शेवटचं पान उलटल्यावर ते बायकोला म्हणाले, "माणसं चांगली आहेत." त्यांनी आयुष्यात कुठल्याही व्यापाऱ्याला इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. चादर निघाली. गिरणीचा आवाजही निम्मा झाला.

आता लेक सासरी, दुसऱ्या गावी. तिच्याशी बोलायचं म्हणजे फोन, आणि फोन हातात आला की काटासाहेबांची जीभ टाळ्याला चिकटायची. "बरी आहेस ना? बरं. आईला देतो," एवढ्यात संभाषण आटपायचं. दिवसभर तिला सांगायच्या गोष्टी ते मनात साठवत, आणि फोनवर त्यातली एकही बाहेर पडत नसे. बायको मात्र तासभर बोले आणि वर सांगे, "तुमचा निरोप दिला हो."

तिकडे सासरी संध्याकाळी एक खेळ चाले. जहाजांच्या लढाईचा. चौघांचा एक ताफा, समोर दुसऱ्या चौघांचा. लेक, जावई आणि जावयाचे वडील, म्हणजे काटासाहेबांचे व्याही, हे तिघे पक्के होते, चौथा भिडू टिकत नव्हता. व्याह्यांचं दिव्यांचं मोठं दुकान होतं आणि त्यांना झगमगाटाशिवाय चैन पडत नसे. त्यांच्या संगणकालाही आतून-बाहेरून रंगीत दिवे होते. जावई म्हणे, अण्णांनी संगणक लावला की समोरच्या घरातले लोक खिडकीशी येतात.

चौथा भिडू म्हणून बाबांना घ्या, असं लेकीनेच सुचवलं. अडचण एकच होती. तो खेळ लिनक्ससाठी बनलेलाच नव्हता. जावयाने दुरूनच काही खटपट केली आणि सासऱ्यांना समजावलं की खेळ एक भाषा बोलतो, लिनक्स दुसरी, म्हणून मध्ये एक दुभाषा बसवला आहे. खेळ जे मागेल ते तो लिनक्सच्या भाषेत सांगतो.

"मग बोलण्यात वेळ जात असेल," काटासाहेब म्हणाले.

"तुम्हीच मोजून बघा."

पहिल्यांदा खेळ सुरू करताना वेळ गेला खरा. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दुभाषा धडा पाठ करून घेतोय, असं जावई म्हणाला. काटासाहेबांचा चहा झाला, दाढी झाली, तेव्हा कुठे समुद्र दिसला. पण एकदा दिसला तो असा, की लाटांवर ऊन चमकत होतं आणि जहाज कुठेही अडखळत नव्हतं. कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा बाणा, म्हणून त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात चित्रांचा वेग दाखवणारा आकडा लावून घेतला आणि बराच वेळ जहाज सोडून त्या आकड्याकडेच पाहत राहिले. आकडा हलला नाही. दुभाषा इमानदार निघाला.

काटासाहेबांनी रसद पुरवणारं जहाज निवडलं. ते जहाज कुणीच घेत नसे, कारण ते बोजड असतं, त्यावर तोफ नावालाच असते आणि त्यावर बसून शौर्य गाजवता येत नाही. पण त्यात माल भरायचा असतो. दोन्ही बाजूंना सारखा. इकडे दारूगोळा जास्त झाला की जहाज कलतं आणि वेग पडतो. सारी हयात समतोलावर घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं! त्यांचं जहाज कधी कललं नाही आणि ताफ्याला कधी गोळे कमी पडले नाहीत. व्याह्यांची बोट सर्वांत चपळ. ती दर लढाईत सर्वांत आधी शत्रूत घुसायची आणि सर्वांत आधी बुडायची, आणि मग पाण्यात तरंगता तरंगता व्याही उरलेल्यांना सल्ले द्यायचे.

नवल वेगळंच घडलं. हातात सुकाणू आलं आणि काटासाहेबांची जीभ सुटली. "डावीकडे पाणबुडी आहे, सांभाळ. तुझा खोकला गेला का?" "गोळे घेऊन येतोय, थांब. आज बाजारात तुझ्या शाळेच्या बाई भेटल्या." कानाला हेडफोन आणि डोळे समुद्रावर, अशा अवस्थेत ते लेकीशी जन्मात बोलले नव्हते इतकं बोलू लागले. बायको शेजारी भाजी निवडत बसे आणि मध्येच विचारायला लावी, "विचारा तिला, दिलेली चादर वापरते का." काटासाहेब तोफगोळे चढवता चढवता चादरीचं विचारत.

असं छान चाललं होतं, आणि एका संध्याकाळी, ऐन लढाईत, काटासाहेबांचा समुद्र नाहीसा झाला.

खेळात काही तरी नवं आलं होतं. काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटला. त्याचा सरळ अर्थ असा होता की आपल्या संगणकावर संशयास्पद प्रणाली आढळली असून प्रामाणिक खेळाडूंच्या हितासाठी आपणास बाहेर काढण्यात येत आहे. इकडे काटासाहेब तो मजकूर वाचत होते आणि तिकडे उरलेल्या तिघांच्या पडद्यावर आलं होतं की तुमच्या ताफ्यातला एक भिडू गैरप्रकाराच्या संशयावरून हाकलला आहे. व्याह्यांना देवाने गोष्ट पोटात ठेवायची सोय दिलेली नव्हती. त्यांनी ताबडतोब फोन लावला.

"व्याही, खरं सांगा. काय चिकटवलं होतं पारड्याखाली?"

ते गमतीने म्हणाले. पण ती गंमत त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकली, आणि तिथे सर्वांत आधी उत्तर आलं ते त्या सील ठोकलेल्या मेहुण्याचं. त्याने फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, वरचा सगळं बघत असतो.

काटासाहेब त्या रात्री जेवले नाहीत. नोकरीत त्यांना शिव्या मिळाल्या होत्या, धमक्या मिळाल्या होत्या, एकदा तर सायकलच्या चाकातली हवा काढली होती. पण लबाड म्हणून कुणी बोट दाखवलं नव्हतं.

जावयाने कारण शोधून सांगितलं. खेळात लबाडी करणारे फार झाले होते, म्हणून कंपनीने एक पहारेकरी प्रोग्राम नेमला होता. या पहारेकऱ्याला संगणकाच्या अगदी गाभ्यात जाऊन बसायचं असतं. विंडोज या नेहमीच्या, विकतच्या प्रणालीवर तो बसतो. लिनक्सवर काम करायची त्याला कंपनीने परवानगीच दिली नव्हती. म्हणून जिथे लिनक्स दिसेल तिथे सरसकट चोर.

"न तपासता?" काटासाहेबांनी विचारलं.

"न तपासता."

हेच त्यांना सर्वांत झोंबलं. पहारेकऱ्यावर त्यांचा राग नव्हता, तो त्यांच्याच जातकुळीतला. पण काटा लावल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला चोर म्हटलं नव्हतं. त्यांनी कंपनीला लिहिलं की माझा संगणक केव्हाही येऊन तपासावा, घर बारा महिने उघडं असतं. कंपनीच्या यंत्राने उत्तर धाडलं, संगणक बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का? काटासाहेबांनी बंद केला, चालू केला, आणि कळवलं, "पाहिला. आळ कायम आहे." पुढे उत्तर आलं नाही.

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या गप्पांत एका परक्या माणसाने आपुलकीने एक युक्ती सांगितली. संगणकाला वेषांतर करायला लावायचं, म्हणजे पहारेकऱ्याला तो लिनक्स आहे हे कळतच नाही. काटासाहेबांनी ती युक्ती पूर्ण वाचली आणि त्या माणसाचे आभार मानून लिहिलं की मी चोर नाही हे दाखवण्यासाठी मी चोरी करू शकत नाही.

संध्याकाळ आता मोकळी पडू लागली. घरातल्या साबणाच्या वड्या दोनदा तोलून झाल्या. बायकोने काही दिवस सोसलं, मग एकदा भाजीचं ताट खाली ठेवून ती म्हणाली, "त्या लिनक्सशी काय लग्न लागलंय तुमचं? पोरगी रोज विचारते, बाबा काय करतायत. काय सांगू? रुसलेत म्हणून?"

"मी रुसलो नाही. माझ्यावर आळ आहे."

"आळ कंपनीने घेतलाय. शिक्षा तिला का?"

काटासाहेबांनी चष्मा शोधून नंबर काढला. त्यांनी फोन लावला. लेकीने उचलला. बरी आहेस ना, हे झालं. मग बरंही झालं. नंतर दोघंही फोन धरून राहिली, आणि तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. "आईला देतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मान तुकवली. जावयाला सांगितलं की रीतसर पावती घेऊन जे काय विंडोज असेल ते आणून बसव. जावयाने संगणकाची माहिती मागवून घेतली आणि जड मनाने कळवलं की नवी विंडोज या संगणकाला उभंसुद्धा करणार नाही, तो फार म्हातारा आहे. लिनक्स आहे म्हणून तो चालतोय. अशा रीतीने काटासाहेबांनी मोठ्या कष्टाने अभिमान गिळला, तर तो पोटात जाईना आणि बाहेरही येईना.

त्यानंतर लवकरच लेक, जावई आणि व्याही दोन दिवस राहायला आले. व्याह्यांनी चपला काढायच्या आधी बॅगेतून एक डबी काढली. नवं खेळयंत्र! मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना कळा, हातात धरायचं आणि कुठेही बसून खेळायचं. त्यांनी ते सगळ्यांना उलटसुलट करून दाखवलं. काटासाहेबांच्या बायकोने ते हातात घेऊन पाहिलं आणि छान आहे म्हणाली. काटासाहेबांनीही हातावर तोललं, सवयच ती, आणि परत केलं.

चहा झाल्यावर व्याही सोफ्यावर ऐसपैस बसले. "सून इथे, मुलगा इथे. व्याही खेळत नाहीत तर निदान बघतील तरी," असं म्हणून त्यांनी जहाजांचा खेळ सुरू केला. समुद्र येईल म्हणून सगळे वाकून बसले. समुद्र आला नाही. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजी मजकूर उमटला.

व्याह्यांनी तो एकदा मनात वाचला. मग यंत्र जरा लांब धरून पुन्हा वाचला. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"अण्णा," तो कसाबसा म्हणाला, "या यंत्रात आतून लिनक्सच आहे."

 बायकोने पदर तोंडाला लावला. लेक आळीपाळीने वडिलांकडे आणि सासऱ्यांकडे पाहू लागली. काटासाहेब उठले, त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. यंत्र हातात घेऊन त्यांनी तो सबंध मजकूर ठळक आवाजात वाचला, अगदी बाजारात पंचनामा वाचत तसा. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "आपलं काय म्हणणं आहे?"

"मी काहीसुद्धा केलेलं नाही," व्याही म्हणाले.

"असंच म्हणतात सगळे."

व्याह्यांचा चेहरा इतका पडला की काटासाहेबांना पुढे रेटवेना. किती तरी दिवस त्यांनी या क्षणाची वाट पाहिली असती, असा क्षण येईल हे त्यांना ठाऊक असतं तर. पण चोर नसताना चोर ठरल्यावर माणसाला काय वाटतं, ते त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. ते व्याह्यांच्या शेजारी बसले. "यंत्र चोख आहे," ते म्हणाले. "तुम्हीही चोख आहात. पहाराच आंधळा आहे."

व्याही मनाने मोठे होते. त्यांनी तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं की आज मीही पकडला गेलो, आणि माझ्या व्याह्यांवरचा आळ खोटा होता हे मला माझ्याच खर्चाने कळलं.

संध्याकाळी जावयाने दोघांना एक संकेतस्थळ दाखवलं. कुठला खेळ लिनक्सवर कसा चालतो याचे अहवाल तिथे जगभरचे लोक लिहितात, आणि खेळाला दर्जा मिळतो. कुठले उत्तम, कुठले कसेबसे, कुठले मुळीच नाहीत. काटासाहेब खुर्ची पुढे ओढून बसले. नेमलेलं कुणी नाही, पगार नाही, आणि तरी माणसं आपणहून तपासणी करतायत! ते एकेक अहवाल वाचत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की उत्तम चालणारे खेळच इतके आहेत, की ते सगळे तपासायचे म्हटलं तर त्यांना पुन्हा नोकरीला लागल्यासारखं होईल.

ते लागलेही. त्यांचे अहवाल थोड्याच दिवसांत प्रसिद्ध झाले. "खेळ चोख. पंखा जोरात फिरतो, पण टेबल थरथरत नाही. अक्षरं बारीक आहेत, चष्मा लागतो. चष्मा खेळाबरोबर मिळत नाही." हातातल्या यंत्रावरची तपासणी व्याह्यांकडे होती. पण ते प्रत्येक खेळाला "एकदम झकास" एवढंच लिहीत, आणि हा अहवाल नव्हे, हे काटासाहेब त्यांना परोपरीने सांगत. जहाजांच्या खेळाबद्दल मात्र दोघांनी मिळून लिहिलं, "चालत नाही. दोष खेळाडूंचा नाही."

या तपासणीतूनच चौघांनी खेळायचा एक खेळ सापडला. त्यात घरातलं सामान हलवायचं असतं. चार हमाल, वर मुकादमाचं घड्याळ, खाली गाडी. सोफा, कपाट, फ्रीज, जे असेल ते दारातून, जिन्यातून काढायचं आणि काही फोडायचं नाही. दुभाषा मध्ये असूनही सगळं लोण्यासारखं चालत होतं, व्याह्यांच्या यंत्रावरही. जावयाला ऑफिसचं काम संपत नव्हतं म्हणून त्याच्या जागी काटासाहेबांच्या बायकोला घेतलं. एकाच संगणकाला खेळाच्या कळा असलेलं दुसरं यंत्र जोडून ती नवऱ्याच्या शेजारी बसली, आणि पहिल्याच दिवशी मुकादम झाली. नवऱ्याच्या बदल्यांपायी तिने खरा संसार इतक्या वेळा हलवला होता, की कपाट कुठल्या कोनातून दारातून निघतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. "व्याही, तुम्ही धावू नका," ती सांगे. "अहो, तुम्ही तोलत बसू नका. उचला."

एका संध्याकाळी ते पियानो उतरवत होते. तिसऱ्या मजल्यावरून, अरुंद जिन्याने. व्याही खालच्या टोकाला, वर काटासाहेब, एका बाजूने बायको, दुसऱ्या बाजूने लेक. पियानो वळणावर आडवा बसला होता आणि वर घड्याळ पळत होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "मी नोकरी सोडायचं म्हणतेय."

ती हे आई-वडिलांना सांगत होती आणि सासरेही ऐकत होते, हे तिच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं असावं.  व्याह्यांनी नुकतंच, "वेळ संपत आला, ढकला," असं ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

काटासाहेबांनी कळेवरचं बोट काढलं. पियानो त्यांच्या हातून सुटला, जिन्यावरून गडगडत गेला, खालच्या टोकाला उभ्या व्याह्यांना घेऊन भिंतीतून आरपार निघाला आणि रस्त्यावर गाडीच्या टपावर आदळून त्याच्या पांढऱ्या पट्ट्या चारी दिशांना उडाल्या.

"जाऊ दे तो," काटासाहेब म्हणाले. "काय झालं, नीट सांग."

"मला तिथे श्वास घेता येत नाही, बाबा."

"कधीपासून?" हा आवाज व्याह्यांचा होता, रस्त्यावरून, मोडक्या पियानोखालून.

ती सांगू लागली. आधी तुटक, मग सलग. आईने मध्ये एकदा जेवलीस का एवढं विचारलं. घड्याळ संपलं, खेळातल्या मुकादमाने सगळ्यांना नापास केलं, पुन्हा खेळायचं का, असं पडद्यावर विचारलं गेलं, आणि बराच वेळ कुणीच कुठली कळ दाबली नाही. जिन्यात तिच्या हमालापाशी दोन हमाल आणि रस्त्यावर एक, हात सोडून, ती काय म्हणते ते ऐकत उभे होते.